पहिला फोटो सुपारीचा

बुधवार, १८ सप्टेंबर

आज प्रयोगशाळेत कॅमेरा आला. पितृपंधरवड्याचा पहिला दिवस, आणि नवं यंत्र.

सुदर्शनला सकाळीच म्हणाले, "सर, दोन आठवडे थांबू या का? घटस्थापनेला सुरू करू." बाहेरचं कुणी असलं की मी त्याला सर म्हणते. त्याच्या वडिलांनी ही बियाणे तपासण्याची प्रयोगशाळा काढली तेव्हा तो शाळेच्या गणवेशात इथे यायचा आणि माझ्या डब्यातली पोळी खायचा. आता पंचेचाळिशीचा आहे.

तो काही बोलायच्या आत त्याची भाची ऋतिका म्हणाली, "काकू, सॉफ्टवेअरचं ट्रायल तीस दिवसांचं आहे. त्याला पितृपक्ष कळत नाही."

ऋतिका खराडीला इंजिनिअर आहे. मामासाठी रजा काढून आली होती. मुलगी हुशार आहे आणि हात भरभर चालतो. तिने एक स्टँड उभा केला, त्यावर बोटाएवढा कॅमेरा खाली तोंड करून बसवला, खाली निळा कागद, आणि कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला. त्यात इंजिनिअर लोक गणितं करतात ते सॉफ्टवेअर आहे. मला वाटलं होतं बटणं असतील. बटण एकही नाही, नुसता कोरा पडदा. त्यावर ओळ लिहायची, एन्टर दाबायचं आणि ते ऐकतं. पहिल्या ओळीने कॅमेरा जागा होतो. दुसरीने तो फोटो देतो. तिसरीने फोटोतले कोंब मोजले जातात.

"म्हणजे हुकूम सोडायचा," मी म्हणाले.

"अगदी तसंच. फक्त स्पेलिंग चुकलं तर ते उलट बोलतं."

माझं काम एकतीस वर्षं तेच आहे. शेतकऱ्याने किंवा कंपनीने आणलेल्या बियाण्यातल्या शंभर बिया बशीत ओल्या टिपकागदावर मांडायच्या, बारा दिवसांनी उघडून त्यातल्या किती निरोगी रुजल्या ते मोजायचं. कांद्याच्या शंभरातल्या सत्तर रुजल्या तर बियाणं पास. एकोणसत्तर असतील तर नाही. चिमटा, भिंग आणि माझे डोळे, एवढंच सामान.

ऋतिकाने एक बशी खाली ठेवून पाहिली. पडद्याच्या कोपऱ्यात एका चौकटीत बशी हलताना दिसत होती, माझी बांगडीसुद्धा. मी ८८ मोजले होते. यंत्र म्हणालं ८७. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

मग सुदर्शनने अट सांगितली. घटस्थापनेपर्यंत प्रत्येक बशी दोघांनी मोजायची, आधी मी, मग यंत्राने. फरक तीनच्या आत राहिला तर दोघंही राहणार. माझ्या मोजणीवर यंत्र तपासत राहायचं. फरक जास्त आला तर एकालाच ठेवायचं.

"कुणाला?" मी विचारलं.

"फोटो हा पुरावा असतो, शालूताई," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "तुम्हाला खाली नमुने घ्यायच्या टेबलावर बसवीन. त्रासही कमी."

नमुने घ्यायचे म्हणजे पिशव्या घेऊन पावत्या फाडायच्या. जाताना ऋतिकाने ती हलती चौकट बंद केली. "ही बंदच ठेवा काकू. लॅपटॉप जुना आहे, स्लो होतो."


गुरुवार, १९ सप्टेंबर

यंत्राबरोबर एकटीचा पहिला दिवस.

पंधरवड्यात सुरू केलंच आहे तर निदान गणपतीचं नाव घेऊन, असं ठरवलं. घरून सुपारी नेली होती. निळ्या कागदावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मग पहिली ओळ लिहून कॅमेरा जागा केला. म्हणजे डोळे उघडल्यावर त्याला पहिलं दर्शन गणपतीचं. नंतर सुपारी उचलून खणात ठेवली आणि बशा लावल्या.

बशीचं झाकण काढूनच फोटो घ्यावा लागतो, काचेवर आतून बाष्प धरतं. नमुन्याचा क्रमांक झाकणावर असतो, त्यामुळे फोटोत नुसते कोंबच येतात. क्रमांक मी टाइप करायचा. फोटो आपोआप साठतो आणि पडद्यावर फक्त आकडा येतो.

माझे सहा नमुने: ८४, ७६, ९०, ६३, ८८, ७९.

यंत्राचे: १, ८२, ७५, ८७, ६२, ८५.

पहिलाच आकडा १! साठलेला फोटो उघडून पाहिला तर मधोमध सुपारी. हळदकुंकवासकट. म्हणजे मी ती उचललीच नव्हती? मला तर खण उघडल्याचं आठवतं. बोटाची हळद रुमालाला पुसलेलीही आठवते. पण फोटो समोर आहे.

सुदर्शनने संध्याकाळी फरकाचा तक्ता काढला. सुपारी सोडली तरी एकात फरक सहा, एकात सव्वीस. कुठे माझे जास्त, कुठे यंत्राचे. नियम काही सापडेना. तो म्हणाला, "पहिला दिवस आहे. होतं."


शुक्रवार, २० सप्टेंबर

आज सुपारी उचलताना मोठ्याने म्हणाले, "उचलली." खणात टाकली आणि खणाला किल्ली लावली.

पहिल्या फोटोत सुपारी.

खण उघडून पाहिलं. आतही सुपारी. एकच नेली होती, एकच आहे. पाच मिनिटं हातात धरून बसले. मग हसू आलं, आणि मग नाही आलं. माझी आई शेवटी शेवटी गॅस बंद केला की नाही हे चारचारदा पाहायला उठायची.

बाकीच्या बशांतही कालच्यासारखाच गोंधळ. एकीत अठराचा फरक.

घरी हे मेथीची भाजी चिवडत म्हणाले, "आज पिवळी पानं मुद्दाम ठेवलीस का? रंगसंगतीसाठी?"

"स्वयंपाकघरातला दिवा बदला. सगळं एकाच रंगाचं दिसतं त्यात."

"दिवा गेल्याच महिन्यात बदललाय. आता डोळे बदल." हे पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मशिनवर होते, त्यामुळे बोलणंही खटक्यावर. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हणून दिवाळीपासून मागे लागलेत. मला जवळचं नीट दिसतं. दिव्याभोवती वलय दिसतं, पण हल्लीचे दिवेच तसे असतात.


सोमवार, २३ सप्टेंबर

सुपारी बंद केली. गणपतीला मनातच नमस्कार केला.

पहिला फोटो: रिकामा निळा कागद. आकडा ०.

सुदर्शन मागे उभा होता. "शालूताई, बशी ठेवायच्या आधीच एन्टर दाबलंत का?"

"नाही हो."

"मग फोटोत बशी का नाही?"

घाई झाली असेल म्हणाले. एकतीस वर्षांत माझी घाई झालेली त्याने कधी पाहिलेली नाही, आणि ते त्यालाही माहीत आहे, म्हणून तो नुसती मान हलवून गेला. ते जास्त लागलं.

एक मात्र आहे. या यंत्राचा राग येत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला एकेक ओळ लिहून काय काय विचारते. दोन फोटोंची वजाबाकी होते हे आज कळलं. फोटोतून फोटो वजा! आमच्या शाळेत गणिताला कुणी हे सांगितलं असतं तर मी पुढे शिकले असते.


मंगळवार, २४ सप्टेंबर

आजचे पाच. माझे: ८२, ५८, ७१, ८६, ७४. यंत्राचे: ०, ८०, ५७, ६७, ८३.

पुन्हा पहिला शून्य. तिसरी बशी फुरसुंगीच्या इंद्रजीतची. त्याचे वडील महिपती पंचवीस वर्षं आमच्याकडे कांद्याचं बी तपासून घ्यायचे. माझ्या मोजणीने ७१, म्हणजे काठावर पास. यंत्राच्या ५७, म्हणजे साफ नापास. कुणाची बशी टाकून द्यायची नाही असं मी ठरवलं आहे. सगळ्या झाकून शीतपेटीत ठेवते. वाढ थांबते, पुन्हा पाहता येतं. नियमात नाही, पण जागा आहे.


बुधवार, २५ सप्टेंबर

इंद्रजीत आला. घटस्थापनेला त्याला निकाल हवा आहे. रोपं टाकायचे दिवस आले, गिऱ्हाईक वाट बघतंय.

"ताई, काय म्हनतंय आमचं बी?"

"मी एकाहत्तर मोजलेत. यंत्र सत्तावन्न म्हणतं."

त्याने कॅमेऱ्याकडे वाकून पाहिलं. "ह्याला कांदा म्हाईत हाय का?"

"शिकतोय."

"मग शिकू द्या की दुसऱ्याच्या बियावर." मग हळू आवाजात म्हणाला, "दादा तुमच्याच आकड्यावर बी विकायचे. एक पोतं परत आलं न्हाई कदी. तुमी सांगा, पास का नापास?"

सुदर्शन आपल्या खोलीत फोनवर होता. मी म्हणाले, "पास आहेस. मी मोजलंय."

तो निघून गेल्यावर वाटलं, असं तोंडी सांगायला नको होतं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बशीसाठी सांगितलं की माझ्यासाठी?


गुरुवार, २६ सप्टेंबर

ऋतिका रजा घेऊन आली. तक्ता पाहून तिचा चेहरा उतरला. तिने लॅपटॉप उघडला, कोपऱ्यातली ती हलती चौकट सुरू केली आणि म्हणाली, "करा काकू, मी बघते."

सहा बशा केल्या. सगळ्या जुळल्या. कुठे दोनचा फरक, कुठे तीनचा. पहिल्या फोटोतही बशी होती.

"सगळं ओके आहे की," ती म्हणाली. जरा थांबून, "काकू, तुम्ही एकट्या असताना टेन्शन येतं का?"

तिने चांगल्या मनाने विचारलं. ती गेल्यावर चौकट बंद करून दुपारच्या चार बशा केल्या. पुन्हा गोंधळ.

म्हणजे यंत्रात दोष नाही. कुणी बघत असलं की मी ठीक असते, एकटी असले की चुकते. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण जे दिसतं ते लिहिलं पाहिजे.


शुक्रवार, २७ सप्टेंबर

एक युक्ती सुचली. मी नक्की कधी एन्टर दाबते हे मलाच कळत नसेल, तर फोटोलाच विचारावं. मनगटावरचं घड्याळ काढून बशीशेजारी ठेवलं, फोटोत येईल असं. आणि प्रत्येक एन्टरची वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत लिहिली.

दुपारी फोटो उघडले. पहिल्यात घड्याळच नाही. ठेवायला विसरले असेन. दुसऱ्यात घड्याळ आहे, पण ११ वाजून ५ मिनिटं. माझ्या वहीत ११.१७. बारा मिनिटं मागे! तिसऱ्यात नऊ मिनिटं मागे.

घड्याळच बिघडलं म्हणायचं. चला, काहीतरी बिघडलेलं सापडलं. जाताना कोथरूडला घड्याळवाल्या रंगनाथकडे दाखवलं. त्याचं दुकान जिन्याखाली आहे आणि त्याच्या जिभेला हाड नाही. त्याने डोळ्याला भिंग लावलं, पाठ उघडली, बंद केली.

"घड्याळाला काही झालेलं नाही."

"बारा मिनिटं मागे पडतं हो."

त्याने ते आपल्या भिंतीवरच्या आठ घड्याळांसमोर धरलं. "आठ साक्षीदार आहेत. उलटतपासणी घ्या."

"मग कधी बारा, कधी नऊ मिनिटं मागे कसं जातं?"

"ताई, घड्याळ मागे पडलं तर पडलेलंच राहतं. मधेच धावत येऊन गाठत नाही. ते माणसं करतात." घड्याळ परत देत म्हणाला, "बिघाड ज्याचा आहे त्याला घेऊन या."


शनिवार, २८ सप्टेंबर

रंगनाथचं बोलणं डोक्यातून जाईना. मागे पडलेलं घड्याळ मधेच धावत येत नाही. मग कोण धावत येतं?

सकाळी पुन्हा घड्याळ ठेवून बशा केल्या. तिसऱ्या आणि चौथ्या बशीमध्ये डबा खाल्ला. चौथ्या फोटोत घड्याळ अठ्ठेचाळीस मिनिटं मागे. मी वहीत पाहिलं: तिसरी बशी १२.२२, चौथी १.१०. मधे अठ्ठेचाळीस मिनिटं.

कालचं पान काढलं. पहिली बशी ११.०५, दुसरी ११.१७. मधे बारा. दुसरी आणि तिसरी, मधे नऊ.

चौथ्या फोटोतलं घड्याळ तिसऱ्या बशीची वेळ दाखवत होतं.

घाई केली नाही. बशा बाजूला ठेवल्या आणि पर्समधून सापडेल ते काढलं. कॅमेरा बंद करून रिकाम्या कागदावर पुन्हा जागा केला. स्कूटरची किल्ली ठेवली, एन्टर. फोटो उघडला: रिकामा कागद. किल्ली उचलून कंगवा ठेवला, एन्टर. फोटोत किल्ली. कंगवा उचलून रुमाल. फोटोत कंगवा.

खुर्चीत बसून मोठ्याने हसले. नमुने उतरवणारी मैना दारातून डोकावली. "काय झालं ताई?"

"आधीच्या टेबलाची भाजी पुढच्या टेबलावर वाढतोय हा."

"कोण?"

"हा." मी कॅमेरा दाखवला. मैना जरा वेळ बघत राहिली आणि गेली.

सुपारी उचलली होती मी. दोन्ही दिवस उचलली होती.


सोमवार, ३० सप्टेंबर

सुदर्शन आणि ऋतिका दोघांसमोर किल्ली, कंगवा, रुमाल करून दाखवलं. ऋतिका व्हिडिओ कॉलवर होती. तिसऱ्या फोटोला तिने कपाळावर हात मारला.

"बफर! काकू, कॅमेरा एक फोटो आधीच काढून ठेवतो. आपण मागितला की तो ठेवलेला देतो आणि लगेच पुढचा काढून ठेवतो. तो हलता व्ह्यू चालू असला की जुना फोटो राहतच नाही. आणि मी आले की तो पहिला चालू करते. शी! मीच बंद करून गेले होते."

"आता?"

"सोपं आहे. दर वेळी दोन फोटो मागायचे. पहिला टाकून द्यायचा."

"काकबळीसारखा," मी म्हणाले. "पहिलं पान कावळ्याचं, दुसरं आपलं."

सुदर्शन हसला, पण पाहत माझ्याकडे होता. "शालूताई, सुपारी उचलली होती हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"फोटो हा पुरावा असतो, सर."

कॉल ठेवायच्या आधी ऋतिकाने ती जादा ओळ मला लिहायला लावली. स्पेलिंग एकदाही चुकलं नाही.


मंगळवार, १ ऑक्टोबर

आज सगळे जुने आकडे एक घर सरकवून पुन्हा मांडले. एकोणीस तारखेचे माझे ८४, ७६, ९०, ६३, ८८. यंत्राचे ८२, ७५, ८७, ६२, ८५. हातात हात घालून चालताहेत. सगळे फरक तीनच्या आत. सुदर्शन म्हणाला, "झालं तर. दोघंही राहणार."

पेढे आणायचं बोलणं झालं. मी मान हलवली आणि तक्ता बघत राहिले.

यंत्राचे आकडे दर वेळी माझ्याहून कमी आहेत. कधी एक, कधी तीन. पण जास्त कधीच नाहीत. आपल्या हाताने चूक होते ती दोन्ही बाजूंना होते. एकाच बाजूला होते तेव्हा तिला कारण असतं.

मग इंद्रजीतची ओळ आली. माझे ७१. एक घर सरकवल्यावर यंत्राचे ६७.

चारचा फरक. एकच बशी, जिच्यात तीनच्या वर गेला. सुदर्शनने तिकडे पाहिलं नव्हतं.

त्याच्या बशीचा फोटो चौथ्या नमुन्याच्या नावावर पडलेला होता. तो उघडून पडदाभर मोठा केला. मी निरोगी म्हणून मोजलेल्या चार कोंबांची मुळं टोकाशी तपकिरी होती. कुजायला लागलेली. पडद्यावर बोटभर लांब दिसत होती. शीतपेटीतून बशी काढली, नेहमीसारखं डाव्या डोळ्याला भिंग लावलं आणि त्याच चार जागा पाहिल्या. पांढरी दिसली. दिव्याखाली नेली, तरी पांढरी. मैनाला बोलावलं.

"या मुळाचं टोक कसलं आहे ग?"

"चहात बुडवल्यासारखं आहे," ती म्हणाली. भिंगाशिवाय.


बुधवार, २ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या, आणि सुट्टी. स्वयंपाक झाला, वरच्या गच्चीत पान ठेवलं. कावळा लगेच आला. यांनी विचारलं, "आज एवढी गप्प का?"

सांगितलं. सगळं, इंद्रजीतला तोंडी दिलेल्या शब्दासकट.

हे बराच वेळ वरणभात कालवत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे माप तपासायचा गेज चुकीचा निघाला की त्या गेजवर पास झालेला सगळा माल परत बोलवायचे. गेजला कुणी शिव्या देत नसे. पण त्यावर लाल चिठ्ठी लागायची."

"मला लावा लाल चिठ्ठी."

"लावली असती. तुला ती लाल दिसली तर ना."


गुरुवार, ३ ऑक्टोबर

घटस्थापना. पहाटे घट बसवला, परडीत माती घालून सात धान्यं पेरली. मग कामावर.

सुदर्शनला तक्त्यातली ती ओळ दाखवली. म्हणाले, "इंद्रजीतचे सदुसष्ट आहेत. माझे एकाहत्तर चूक आहेत. डोळ्यांत काहीतरी आहे, तपकिरी दिसत नाही. उन्हाळ्यापासूनचे, म्हणजे या हंगामातले, माझे काठावरचे सगळे निकाल पुन्हा लावायला हवेत. मी यादी केली आहे, नऊ आहेत."

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याला ती ओळ सापडली नसती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मोजणीचं हे टेबल हवं होतं ना तुम्हाला," तो म्हणाला.

"हवंच आहे. पण खरं मोजायला."

"नऊच्या नऊ जणांना मी फोन करतो."

"आठ जणांना करा. इंद्रजीतला मी करते."

फोनवर मागे पंपाचा आवाज होता. मी सांगितलं: मी पास म्हणाले होते ते चुकलं, तुझे सदुसष्ट आहेत, तीन कमी. आणि यंत्राचे सत्तावन्न तेही चूक होते, ते दुसऱ्याच बशीचे. नुसता पंप ऐकू येत होता.

"इंद्रजीत?"

"हाय. ऐकतोय." मग, "ताई, दादांच्या टायमाला तर असं कदी..."

"तेव्हा माझे डोळे चांगले होते."

पुन्हा पंप. मी म्हणाले, "बी पुन्हा पंख्यासमोर उपण. हलकं बी उडून जाईल, कुजकं त्यातच असतं. उरलेल्याचा नमुना उद्या आण, मी लगेच लावते. माल कमी होईल थोडा."

"गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, बाईंनी मोजायला चूक केली."

"तसं न्हाई सांगायचो मी." थोड्या वेळाने म्हणाला, "पंखा भाऊबंदाकडं हाय. नमुना आणतो उद्या दुपारपातूर." आणि फोन ठेवताना, "तुमी सांगितलं म्हनून बरं. शेतात उगवलं नसतं तर मंग कळलं असतं."


बुधवार, १६ ऑक्टोबर

मधे लिहायला जमलं नाही. घटातलं धान्य छान उगवलं होतं. दसऱ्याला यांच्या टोपीत तुरा खोवला. आठ जणांपैकी दोघांचे नमुने पुन्हा लावून नापास निघाले, बाकी सहा पास. त्या दोघांशी सुदर्शन स्वतः जाऊन बोलला. डोळ्यांच्या डॉक्टरनी दोन्हीकडे मोतीबिंदू आहे सांगितलं, डावा जास्त पिकलेला. "घाई नाही, तुम्ही ठरवा," असं म्हणाले.

आज इंद्रजीतच्या उपणलेल्या बियाची बशी उघडली. बारा दिवस पूर्ण. तो खाली बाकावर बसून होता, वर आला नाही.

मोजायच्या आधी एक कल्पना सुचली. आधी उजवा डोळा रुमालाने बांधला आणि डाव्याने मोजलं. कागदावर लिहून घडी घातली. मग डावा बांधून उजव्याने मोजलं, दुसऱ्या कागदावर. मग बशी निळ्या कागदावर ठेवली, पहिला फोटो टाकून दिला, दुसरा घेतला. सुदर्शन दारात उभा राहून बघत होता. रुमाल बांधलेल्या बाईला काय विचारावं हे त्याला कळेना.

कागद उघडले. डावा ८३. उजवा ७८. यंत्र ७८.

जिन्यावरून खाली ओरडून सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर!" एरवी मी प्रयोगशाळेत ओरडत नाही. खालून बाक सरकल्याचा आवाज आला.

तिन्ही आकडे एका कागदावर तारीख घालून नीट उतरवले आहेत. शेजारी दोन रकाने रिकामे ठेवले आहेत, ऑपरेशननंतरच्या डाव्यासाठी आणि उजव्यासाठी. बशी शीतपेटीत आहे, तोवर टिकणार नाही. पण फोटो टिकेल, आणि तो आता त्याच बशीचा आहे. उद्या डॉक्टरकडे कागद नेते आणि तारीख मागते. आधी डाव्याची.